‘निपात’ची रेडिओ नियंत्रित प्रतिकृती : नौका एका बाजूला कलते, शिवाय क्षेपणास्त्र-पेट्यांविषयी शंका

प्रश्न – मचवा

सर्वांस नमस्कार.

१९७१ च्या युद्धात ४ डिसेंबरच्या रात्री कराचीसमोर जाऊन मारा करणाऱ्या ‘निपात’, ‘निर्घात’ आणि ‘वीर’ या तीन क्षेपणास्त्र नौकांपैकी ‘निपात’ची रेडिओ नियंत्रित प्रतिकृती मी गेल्या दिवाळीपासून बांधत आहे. माझे वडील त्या काळी मुंबईच्या गोदीत फिटर होते आणि दर नौदल दिनाला या नौकांची नावे आमच्या घरात घेतली जात, त्यामुळे नौका निवडताना दुसरा विचार मनात आला नाही. आजवर मी कपाटात ठेवण्याच्या प्रतिकृतीच केल्या आहेत. पाण्यावर चालणारी ही पहिलीच.

प्रमाण १:४० धरले आहे. मूळ नौका सुमारे ३८.६ मीटर लांब आणि ७.६ मीटर रुंद, म्हणजे प्रतिकृती साडेशहाण्णव सेंटिमीटर लांब आणि एकोणीस सेंटिमीटर रुंद येते, आणि रिक्षाच्या मागच्या आसनावर आडवी मावते. हलसाठी, म्हणजे नौकेच्या मुख्य अंगासाठी, ४ मिलिमीटर प्लायच्या फ्रेम उभ्या करून त्यांवर पातळ प्लाय चढवला, बाहेरून फायबरग्लास कापडाचे दोन थर इपॉक्सीत बसवले आणि पृष्ठभाग गुळगुळीत व्हावा म्हणून लांबी (पुट्टी) भरली. वरचे बांधकाम ३ मिलिमीटरच्या सनबोर्डचे (फेसाळ प्लास्टिकच्या पत्र्याचे) आहे. क्षेपणास्त्रांच्या चार नळकांड्यांसाठी मी मुद्दाम कारवारला जाऊन समुद्रकिनाऱ्यावर जतन केलेली ‘चपल’ ही नौका पाहिली, भरपूर छायाचित्रे काढली आणि त्यांवरून पीव्हीसी पाइप कापून, कडी चढवून चारही नळकांडी तयार केली.

सर्व सामान आत ठेवून नौका गच्चीवरच्या टाकीत सोडली, तेव्हा ती डाव्या बाजूला कलून राहिली. हाताने सरळ केली तर क्षणभर थबकते आणि जड अंगाने पुन्हा कलते. एकूण वजन ४.६ किलो भरले. त्यापैकी रिकामा हल २.१ किलोचा आहे आणि प्रत्येक नळकांडे ८० ग्रॅमच्या आसपास. उजव्या बाजूला आतून शिशाचे तुकडे चिकटवून ती सरळ करावी असे मनात आहे, परंतु त्याआधी जाणकारांचे मत घ्यावेसे वाटले. मूळ नौकेप्रमाणे तीन पंखे (प्रोपेलर) लावावेत की एकावर भागवावे, रेडिओ संच कसा जोडावा, आणि चारही नळकांड्यांची दारे सर्व्होने, म्हणजे रेडिओच्या संदेशावर हलणाऱ्या छोट्या मोटारीने, उघडता येतील का, हेही कृपया सांगावे.

उत्तर – जुने गलबत

वजनाविषयी येथील इतर मंडळी माझ्यापेक्षा चांगले लिहितील; मला आधी नळकांड्यांविषयी सांगायचे आहे, कारण त्यांवर आपण आणखी वेळ घालवू नये असे वाटते. ‘निपात’वर गोल नळकांडी नव्हती.

१९७१ मध्ये सोव्हिएत संघाकडून आलेल्या आठ नौका, म्हणजे ‘विद्युत’, ‘विजेता’, ‘विनाश’, ‘वीर’, ‘नाशक’, ‘निपात’, ‘निर्भीक’ आणि ‘निर्घात’, या ओसा-१ वर्गातल्या होत्या. आपण कारवारला पाहिलेली ‘चपल’ ओसा-२ वर्गातली असून तो वर्ग आपल्याकडे १९७६-७७ च्या सुमारास आला. दोन्ही वर्गांचे घराणे एकच, परंतु क्षेपणास्त्र ठेवण्याची व्यवस्था निराळी आहे. ओसा-१ वरील पी-१५ क्षेपणास्त्राचे पंख पक्के होते. दोन्ही टोकांमधले अंतर सुमारे २.४ मीटर. असे पंख पसरलेले क्षेपणास्त्र झाकायचे तर खोलीसारखी रुंद, चौकोनी पेटीच लागते. पुढे घडी होणाऱ्या पंखांचे सुधारित क्षेपणास्त्र आले, जागा कमी लागू लागली आणि पेटीच्या जागी गोल नळकांडे आले. आपल्या प्रमाणात मूळ पंख ६ सेंटिमीटर भरतात, म्हणजे पेटीची आतली रुंदी त्याहून अधिकच हवी. या पेट्यांमुळेच ओसा-१ पाठमोरी पाहिली तरी ओळखू येते, आणि १९७१ ची ‘निपात’ गोल नळकांड्यांसह पाण्यात उतरली तर जाणकाराची नजर प्रथम तेथेच जाईल. पुढच्या जोडीचा आणि मागच्या जोडीचा उतार सारखा नसतो. तो अंदाजाने न ठरवता रेखाचित्रावर कोनमापक ठेवूनच घ्यावा.

दुसरा सापळा नावांचा आहे. नौदलाने ही नावे नंतरच्या पिढीतील नौकांना पुन्हा दिली. आज ‘आयएनएस निपात’ असा शोध घेतला तर पुष्कळदा जी छायाचित्रे समोर येतात ती वीर वर्गातील, सुमारे ५६ मीटर लांबीच्या, पुढे ७६ मिलिमीटरची एक मोठी तोफ असलेल्या नौकेची असतात. त्या वर्गातील काही नौका माझगाव डॉक आणि गोवा शिपयार्ड येथेच बांधल्या गेल्या. पुढच्या डेकवर अशी मोठी एकनळी तोफ दिसली, तर ते छायाचित्र आपल्या कामाचे नाही.

म्हणून ‘चपल’ची फेरी वाया गेली असे मात्र नाही. पुढची आणि मागची जुळी ३० मिलिमीटर तोफ, तिचे अंड्यासारखे गोलसर कवच आणि तोफांना दिशा देणाऱ्या रडारचा घुमट हे भाग दोन्ही वर्गांत सारखेच घेतले तरी चालतील. तोफांच्या नळ्यांसाठी मी १८ नंबरची इंजेक्शनची सुई वापरतो. तिचा बाहेरचा व्यास सव्वा मिलिमीटर असतो, म्हणजे १:४० प्रमाणाने मूळ नौकेवरचे ५ सेंटिमीटर. टोकाचा तिरपा काप बारीक कानशीने सरळ केला आणि मुळाशी पातळ तांब्याच्या तारेचे दोन वेढे देऊन पातळ सुपरग्लू सोडला, की वितभर अंतरावरूनही ती खरीखुरी नळी दिसते. प्लास्टिकच्या काडीला ती धार कधी येत नाही.

दारांविषयी माझे मत असे, की एकच दार हलते ठेवावे. चार सर्व्हो आणि त्यांच्या दांड्या म्हणजे डेकच्याही वर चढलेले वजन, आणि आपली नौका आताच तक्रार करते आहे. ‘निर्घात’ने पाकिस्तानच्या ‘खैबर’ या विनाशिकेवर दोन क्षेपणास्त्रे सोडली, तेव्हा ‘निर्घात’ करणाऱ्याने दोन दारांचा हट्ट धरला तर मी समजू शकतो; ‘निपात’ला एक पुरे आहे. त्याऐवजी डोलकाठीवरचे रडार फिरते करा. तो हल्ला रात्रीच्या अंधारात, केवळ रडारवर दिसणाऱ्या ठिपक्यांच्या आधारे झाला. ज्यांवर मारा केला ती जहाजे आपल्या नौकांवरील कोणी डोळ्यांनी पाहिली नव्हती, आणि म्हणून ‘निपात’वर एखादी वस्तू हलती ठेवायची असेल तर ती रडारची जाळीच असावी, असे मला मनापासून वाटते.

उत्तर – ओळंबा

मचवा यांना पहिली विनंती ही, की उजव्या बाजूला शिसे चिकटवू नका.

नौका कलून राहण्याची दोन अगदी भिन्न कारणे असतात. सामान एका बाजूला जास्त झाले म्हणून ती कलते, हे एक. दुसरे कारण असे, की वजनाचा केंद्रबिंदू इतका वर गेलेला असतो की सरळ उभे राहणे नौकेला शक्यच नसते, आणि ती डावी-उजवी जी बाजू मिळेल तिच्यावर जाऊन टेकते. ओळखण्याची रीत सोपी आहे. नौका हळूच दुसऱ्या बाजूला ढकलून सोडा. सोडल्यावर ती परत डावीकडेच आली तर सामान हलवून भागेल. परंतु उजवीकडेही तितकीच कलून तशीच राहिली, तर रोग दुसरा आहे. ‘क्षणभर थबकते आणि जड अंगाने पुन्हा कलते’ हे आपले वर्णन वाचून मला दुसऱ्याचीच दाट शंका येते. अशा नौकेला उजवीकडे शिसे लावले, की ती एके दिवशी झटक्याने उजवीकडे पडते आणि पूर्वीपेक्षा अधिक कलते. माझी एक गस्ती नौका याच चुकीने तलावाच्या मध्यभागी वळण घेताना उलटली. तिचे पितळी पत्र्याचे वरचे बांधकाम हे मी चार महिने खपून केले होते. ते तळाच्या गाळात रुतून राहिले आणि रिकामा हल तेवढा तरंगत काठाला लागला.

आता वजनाचा हिशोब. लांबी ४० पट कमी झाली की वजन ४० च्या घनाने, म्हणजे ६४,००० पटीने कमी होते. पूर्ण भरलेली ओसा-१ सुमारे २१० टनांची धरली, तर आपल्या प्रतिकृतीचे वजन ३.३ किलोच्या आसपास असले पाहिजे. आपली नौका ४.६ किलोची आहे. या आकाराच्या नौकेला एक सेंटिमीटर अधिक बुडवायला साधारण सव्वा किलो लागतो, म्हणजे ती जवळजवळ एक सेंटिमीटर जास्त बुडाली आहे. मूळ नौकेचे पाण्याखालचे अंग मुळातच उथळ, पावणेदोन मीटरच्या आसपास, म्हणजे आपल्याकडे सव्वाचार सेंटिमीटर. त्यात एक सेंटिमीटरची भर दुरूनही दिसते आणि वेगही खाते.

वजन कोठून काढावे, यात माझा क्रम वरून खाली असा आहे, कारण उंचावरचे शंभर ग्रॅम तळातल्या पाव किलोपेक्षा अधिक त्रास देतात. पीव्हीसीची नळकांडी तर जाणारच आहेत. त्यांच्या जागी पाऊण मिलिमीटर जाडीच्या स्टायरीन या प्लास्टिकच्या पत्र्याच्या पोकळ पेट्या कराव्यात, आत कोपऱ्यांना बारीक पट्ट्या द्याव्यात. एक पेटी ४० ग्रॅमच्या आसपास बसते आणि चारांमिळून दीडशे ग्रॅमहून अधिक वजन थेट डेकच्या वरून उतरते. सनबोर्ड हलका असतो हा आपल्याकडे रूढ झालेला समज आहे. ३ मिलिमीटरचा सनबोर्ड एक मिलिमीटरच्या स्टायरीनपेक्षा प्रत्यक्षात सुमारे दीडपट जड भरतो. दोन सारखे तुकडे कापून घरच्या काट्यावर ठेवून पाहा. मूळ नौका बांधणाऱ्यांपुढेही हाच प्रश्न होता, म्हणूनच त्यांनी हल पोलादी ठेवून वरचे बांधकाम ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमच्या हलक्या मिश्रधातूचे आणि बुटके केले. आपण स्टायरीन वापरताना त्यांचाच मार्ग धरत आहोत. त्यानंतर हलवर भरलेली लांबी, म्हणजे पुट्टी. ती दगडासारखी जड असते आणि खोलगट जागी आपल्या नकळत तीन-तीन मिलिमीटर साठते. पॉलिशपेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळून, खालचे फायबरग्लास कापड दिसू लागेपर्यंत घासावे. आतल्या फ्रेमचा मधला भाग कोरून काढता आला तर तेही करावे, मात्र मोटारी जेथे बसतात त्या दोन फ्रेमना हात लावू नये.

हे झाल्यावर बॅटरी अगदी तळाशी, मध्यरेषेवर बसवावी आणि पुढची चाचणी टाकीतच घ्यावी. नौकेत एक छोटी उभी काठी ठेवून तिला २० सेंटिमीटर दोरीचा ओळंबा लावा आणि ओळंब्याखाली मोजपट्टी आडवी ठेवा. ५० ग्रॅमचे वजन डेकच्या मध्यावर ठेवून मग ८ सेंटिमीटर बाजूला सरकवा. नौका ३.३ किलोची असताना ओळंबा एक सेंटिमीटर सरकला, तर तिची स्थिरता-उंची, म्हणजे कलल्यावर पुन्हा सरळ होण्याची क्षमता दाखवणारे माप, सुमारे अडीच सेंटिमीटर येते. दोन सेंटिमीटरच्या खाली असलेली नौका मी स्वतः तलावावर नेत नाही. ओळंबा दीड सेंटिमीटर सरकला तर ती पावणेदोन सेंटिमीटरही भरत नाही, आणि मग आणखी काही काढावे लागेल.

मचवा

ओळंबा, आपले निदान बरोबर होते. आज सकाळी नौका उजवीकडे ढकलून सोडली. ती उजवीकडेही तशीच कलून राहिली. शिशाचे तुकडे परत डब्यात ठेवले आहेत. हलवरची लांबी घासायला सुरुवात केली असून नाळेजवळच्या (पुढच्या टोकाजवळच्या) खोलगट भागात ती खरोखरच बोटाच्या पेराइतकी जाड निघाली. जुने गलबत यांच्या उत्तराने थोडे वाईट वाटले, कारण ती नळकांडी फार जीव लावून केली होती. परंतु ‘निपात’ म्हणून चुकीची नौका पाण्यात सोडण्यापेक्षा हे बरे. पंखे आणि रेडिओ यांविषयी कोणी लिहावे, ही विनंती.

उत्तर – खाडीकाठ

पंखे तीनच लावा. मूळ नौकेत ४२ सिलिंडरांची, प्रत्येकी ४,००० अश्वशक्तीची तीन डिझेल इंजिने तीन दांडे फिरवीत आणि नौका ताशी ३८ सागरी मैलांच्या आसपास वेग घेई. आपल्या प्रमाणात हा वेग चाळीसच्या वर्गमुळाने भागून येतो, म्हणजे सेकंदाला सुमारे तीन मीटर, किंवा माणूस बऱ्यापैकी पळेल इतका. तेवढ्या वेगाला पिछाडीमागे उठणारा पाण्याचा उंचवटा आणि नाळेशी फुटणारी मिशी मूळ छायाचित्रांसारखीच दिसते. त्याहून वेगात नेली तर ती खेळण्यासारखी पाण्यावर उड्या मारू लागते, म्हणून जास्त ताकदीची मोटार घेण्याचा मोह टाळावा.

तीन छोट्या ब्रश मोटारी, ३० ते ३५ मिलिमीटरचे पंखे आणि ७.४ व्होल्टची एक लिथियम पॉलिमर बॅटरी इतके पुरेसे आहे. बाहेरचे दोन पंखे एकमेकांच्या उलट दिशेने फिरले पाहिजेत. म्हणजे एक डाव्या आट्याचा आणि एक उजव्या आट्याचा मागवावा लागेल, नुसती मोटारीची तार उलटी करून भागणार नाही, कारण मग एक पंखा मागे ढकलील. दांड्याच्या नळीचे आतले टोक पाण्याच्या रेषेच्या वर येईल असा तिरका कोन साधला तर उत्तम. इतक्या उथळ नौकेत तो दर वेळी साधत नाही, म्हणून नळीत घट्ट ग्रीस भरावे आणि दर फेरीनंतर ते पुन्हा भरावे.

तिन्ही मोटारींना स्वतंत्र स्पीड कंट्रोलर (वेग कमी-जास्त करणारे नियंत्रक) द्यावेत. येथे नवखे लोक हमखास एक चूक करतात. प्रत्येक कंट्रोलर रिसीव्हरला, म्हणजे नौकेतील रेडिओ संदेश घेणाऱ्या संचाला, स्वतःचा ५ व्होल्टचा पुरवठा पाठवतो आणि तीन पुरवठे एकत्र आले की ते आपसांत झगडतात. तीनपैकी दोन कंट्रोलरच्या रिसीव्हरकडे जाणाऱ्या जोडणीतली लाल तार पिनेने सोडवून, टोकाला टेप गुंडाळून बाजूला ठेवावी. माझा एक रिसीव्हर ऐन तलावात बंद पडला तो याच कारणाने, आणि विकणाऱ्या दुकानदाराने याचा शब्दानेही उल्लेख केला नव्हता.

२.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पाण्यात जवळजवळ शिरतच नाहीत, म्हणून रिसीव्हर तळाशी ठेवू नये. तो वरच्या बांधकामात, पाण्याच्या रेषेच्या वर बसवावा आणि अँटेनाची तार उभी ठेवावी. वजनाने तो किरकोळ असतो, तेवढी सूट ओळंबा देतील अशी आशा आहे. ट्रान्समीटर चालू ठेवून संदेश तुटल्यास मोटारी शून्यावर येतील अशी सोय आधी करून घ्यावी, आणि घरीच, पंखे हवेत असताना, ट्रान्समीटर बंद करून ती तपासावी.

शेवटी जागेविषयी. आपल्याकडच्या तलावांत जलपर्णी असते. तिची मुळे ओल्या सुतासारखी पंख्याभोवती गुंडाळली जातात, मोटार अडते आणि काही सेकंदांत कंट्रोलर तापून जातो. प्रत्येक मोटारीच्या तारेत मोटारगाडीचा १० अँपिअरचा फ्यूज घालावा. मी ज्या तलावावर जातो तेथे व्यवस्थापनाची परवानगी घेऊन सकाळी सातच्या आधी जातो, कारण तेव्हा वारा नसतो आणि जलपर्णी एका काठाला गोळा होऊन पडलेली असते. सोबत एक गळ आणि पन्नास मीटर दोरी असावी. अडकलेली नौका आणण्यासाठी कोणीही पाण्यात उतरू नये.

मचवा

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनंतरची स्थिती कळवतो. लांबी घासून आणि फ्रेम कोरून हल २.१ किलोवरून १.६ किलोवर आला. वरचे बांधकाम स्टायरीनमध्ये नव्याने केले, चौकोनी पेट्यांपैकी दोन तयार आहेत आणि एक पेटी ४३ ग्रॅम भरली. उरलेल्या दोन पेट्यांच्या वजनाइतकी नाणी त्यांच्या जागी ठेवून आणि सर्व सामान आत घालून नौका ३.५ किलोची झाली. टाकीत ती आता सरळ उभी राहते. ५० ग्रॅमचे वजन ८ सेंटिमीटर सरकवल्यावर ओळंबा १.१ सेंटिमीटर सरकला, म्हणजे स्थिरता-उंची दोन सेंटिमीटरच्या थोडी वरच निघते. हाताने कलवून सोडली तर थबकत नाही, लगेच उभी राहते.

एक शंका राहिली आहे. पेट्यांच्या दारांच्या बिजागऱ्या वरच्या कडेला होत्या की बाजूला, हे माझ्याकडच्या रेखाचित्रात स्पष्ट दिसत नाही. ओसा-१ चे समोरून घेतलेले, दार उघडे असलेले छायाचित्र कोणाकडे असल्यास कृपया येथे द्यावे. तोपर्यंत दारांचे काम थांबवून मी रडारची मोटार बसवून घेतो.